पोर्टलमधला तो हार्टवाला डबा

पोर्टल (2007) हा व्हिडिओ गेम खेळलेल्या कुणालाही विचारा, स्टोरी आठवो न आठवो, कम्पॅनियन क्यूब नावाचा तो हार्टवाला डबा आठवणारच. पण तो आला कुठून माहितीये का, प्लेटेस्टिंगमधून, म्हणजे गेम बाहेर येण्याआधी लोकांना खेळायला देऊन बघतात ना, त्यातून! एका लेव्हलला एकच डबा शेवटपर्यंत सोबत न्यायचा होता आणि टेस्टर लोक बिनधास्त तो मागे टाकून पुढे जायचे आणि मग अडकून बसायचे. दुसरं कुणी असतं तर स्क्रीनवर मोठ्ठी पाटी लावून मोकळं झालं असतं, "डबा सोबत घ्या"... गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हवाल्यांनी काय केलं, डब्यावर हार्ट काढलं आणि ग्लॅडॉसच्या (गेममधली खलनायिका, एक बोलणारा कॉम्प्युटर) तोंडी त्याच्याबद्दल असं काही बोलणं घातलं की लोकांचा जीवच जडला त्याच्यावर, मग कोण सोडतंय! आणि शेवटी तोच डबा भट्टीत टाकायला लावतात, दुष्ट कुठले. पण त्यातही डोकं आहे हां, कारण भट्टी कशी वापरायची ते तिथे हाताला कळतं आणि ग्लॅडॉससोबतच्या शेवटच्या फाइटमध्ये नेमकं तेच लागतं. गेम संपवला असेल तर डेव्हलपर कॉमेंटरी (बनवणाऱ्यांनीच गेमबद्दल सांगितलेल्या गोष्टी) चालू करून परत खेळा, हे असले किस्से त्यात भरपूर आहेत, मला तर ती गेमइतकीच आवडली.