सिलिंडर अडकतोय? आधी दांडी बघा

जुनं रिव्हॉल्व्हर घेतलं की दोन तऱ्हेची माणसं हमखास भेटतात. "हे कशाला घेतलंस?" विचारणारी आणि "टायमिंग गेलंय" सांगणारी. पहिली आमच्या गावाकडे ढीगभर. दुसऱ्या तऱ्हेचे एक गृहस्थ इथे ओहायोत, नेमबाजीच्या रेंजवर माझ्या शेजारच्या लेनमध्येच उभे होते.

माझं आहे स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १०, अडतीस स्पेशल, चार इंची नळी. पॉलिश ठिकठिकाणी उडालेलं, पण दुकानात हलवून पाहिलं तेव्हा सिलिंडर घट्ट बसत होता. रेंजवर सुरुवात सुरेख झाली. मग चाप जड व्हायला लागला, सिलिंडर रखडायला लागला आणि शेवटी उघडेचना. सहाही बार मोजले होते. तरी उघडून बघेपर्यंत ते भरलेलंच समजायचं! नळी समोर, बोट चापाबाहेर, आणि रेंज ऑफिसरला हाक. त्याने सिलिंडर उघडायची कळ, म्हणजे लॅच, दाबून धरत तळहाताने ढोसलं तेव्हा कुठे उघडलं.

"टायमिंग," शेजारी म्हणाले.

टायमिंग बिघडलं तर सिलिंडर सहज फिरतो, पण पुरता पोचत नाही. घोडा सावकाश मागे ओढला की तो पूर्ण मागे जाऊन अडकतो, तरी खालचा खटका सिलिंडरच्या खाचेत पडलेला नसतो. माझा खटका सहाही घरांना वेळेवर पडत होता. फिरणंच तेवढं जड होतं. हा आजार वेगळा.

घरी आल्यावर, रिकामं आहे याची पुन्हा खात्री करून, क्रमाने बसलो. नेहमीचा संशयित म्हणजे इजेक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली अडकलेला न जळलेल्या दारूचा कण. त्याने चांदणी किंचित उचलली जाते आणि पुंगळ्यांची बुडं मागे घासतात. जुन्या टूथब्रशने साफ केलं, फरक शून्य. रिकामा सिलिंडरही रखडत होता, म्हणजे काडतुसांचाही दोष नाही. मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या. भोसरीच्या टूलरूममध्ये हाताला लागलेली सवय आहे ही, जाणार नाही. नळी आणि सिलिंडरमधल्या फटीत सहा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पाती जात होती, सात थाऊची नाही. म्हणजे तिथेही घासत नव्हतं.

उरली इजेक्टरची दांडी, पुंगळ्या काढायला जी मागे ढकलतो ती. सिलिंडर उघडा ठेवून तिचं टोक चिमटीत धरलं आणि फिरवलं, तर आरामात फिरली. आटे सैल! दांडी सुटत पुढे सरकली की नळीखालच्या खटक्यावर दाबून बसते, म्हणून फिरणं जड. आणि दांडीच्या आतून जाणारी सेंटर पिन टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे लॅच दाबूनही पुढचा खटका सुटत नाही. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

सुटली का, तर सिलिंडर फिरतो डावीकडे आणि जुन्या दांडीचे आटे उजवे. पुढच्या टोकाला होणारं घर्षण तिला रोज थोडं थोडं उघडतं. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात तेही चालवताना आपोआप सुटू नये म्हणूनच. कंपनीनेही १९६०च्या आसपास आटे डावे केले. माझ्या फ्रेमवर नुसतं १०, पुढे सुधारित आवृत्तीचा डॅश आणि आकडा नाही, म्हणजे आधीचं. नंतरचं असेल तर उलट्या दिशेने आवळावं लागतं. हे न बघता जोर लावला तर आटेच जातील.

आवळताना सहाही घरांत रिकाम्या पुंगळ्या घातल्या, नाहीतर सगळा ताण चांदणीच्या बारीक पिनांवर येतो. दांडी चामड्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरली. पक्कड लावणाऱ्यांना माझा नमस्कार.

पुढच्या खेपेला शेवटपर्यंत लोण्यासारखं चाललं. लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, अजून लावलेलं नाही. सफाईच्या वेळी बोटाने चाचपून बघतो. पुन्हा सैल झालीच तर निळ्याचा एक थेंब, बस्स. जास्त झालं आणि सेंटर पिनच चिकटली तर त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.