पेत्र सुटला, मग याकोब का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आमच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या बायबल-वर्गात, मी बावीस वर्षं शिकवते आहे, आणि बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा 12 वा अध्याय आला की हा प्रश्न येतोच. मुलं वर्गात हात वर करून विचारतात. मोठी माणसं उपासना सुटल्यावर, चपला शोधता शोधता, हळू आवाजात विचारतात. दोघेही येशूचे शिष्य; देवानं पेत्राला तुरुंगातून बाहेर काढलं, मग याकोबाला का नाही?

प्रसंग यरुशलेमातला आहे, इ.स. 44 च्या थोडा आधीचा. राजा हेरोद अग्रिप्पानं योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीनं मारलं. बारा शिष्यांपैकी आपल्या विश्वासासाठी जीव गेलेला हा पहिला. लोकांना ते आवडलंय असं दिसल्यावर हेरोदानं पेत्रालाही धरलं. यहुद्यांच्या वल्हांडणाचे, म्हणजे बेखमीर भाकरीच्या सणाचे दिवस होते, म्हणून तो सण होईपर्यंत त्याला कोठडीत ठेवलं. पहाऱ्याला चार-चार शिपायांच्या चार तुकड्या. रात्री पेत्र दोन शिपायांच्या मध्ये, दोन साखळ्यांनी बांधलेला, आणि झोपलेला!

पुढचं मुलांना तोंडपाठ असतं. कोठडीत उजेड पडतो, देवदूत पेत्राच्या कुशीत मारून त्याला उठवतो, साखळ्या गळून पडतात. मग देवदूत सांगतो, कंबर बांध, वहाणा घाल, अंगरखा पांघर. शाळेला उशीर होत असताना आई सांगते तसं. इतक्या घाईतही अनवाणी निघू देत नाही, हे मला फार आवडतं. दोन पहारे मागे पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो, एक रस्ता चालून झाल्यावर देवदूत निघून जातो. तोवर पेत्राला हे सगळं स्वप्नच वाटत असतं.

आता मोजून पाहा. या एका रात्रीला बारा वचनं, म्हणजे बायबलमधली क्रमांक घातलेली वाक्यं, मिळाली आहेत. याकोबाच्या मरणाला एक. का मेला, त्याच्यासाठी कोणी प्रार्थना केली होती का, काही नाही. लिहिणाऱ्यानं दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आणि मध्ये कारण घातलं नाही. लहान वयात मला हे अपुरं वाटायचं. आता वाटतं, तो खरं बोलला.

कारण 2021 च्या एप्रिलमध्ये मी स्वतः ऑक्सिजनवर होते. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक काका त्याच रुग्णालयात, खालच्या मजल्यावर होते. दोघांसाठी एकाच प्रार्थना-साखळीत, त्याच माणसांनी, त्याच रात्री प्रार्थना केल्या. मी घरी आले. काका आले नाहीत. उपासना पुन्हा सुरू झाल्यावर मला साक्ष द्यायला, म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायला, पुढे बोलावलं. तिसऱ्या बाकावर त्या काकांच्या पत्नी, काकू, बसल्या होत्या. "प्रभूनं माझी प्रार्थना ऐकली" हे वाक्य घरून ठरवून नेलं होतं, पण त्यांच्याकडे पाहून ते उच्चारता आलं नाही. ते वाक्य काकूंच्या कानी कसं पडलं असतं? मी आभार मानले, काकांचं नाव घेतलं आणि खाली बसले.

तेव्हापासून मी बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा 11 वा अध्याय वेगळ्या डोळ्यांनी वाचते. 34 व्या वचनात विश्वासानं तलवारीच्या धारेतून वाचलेले आहेत, आणि तीनच वचनांनंतर तलवारीनं मारले गेलेले. दोघांचं एकाच यादीत, एकाच विश्वासासाठी कौतुक आहे. म्हणून "तुमचा विश्वास कमी पडला" असं कोणी दुःखात असलेल्या घरी जाऊन बोललं की मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. बायबलमधल्याच दानीएलाच्या पुस्तकात, राजाच्या मूर्तीला न नमल्यामुळे आगीच्या भट्टीत टाकले जाणारे शद्रख, मेशख आणि अबेदनगो राजाला सांगतात की आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि त्यानं न सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ते "न सोडवलं तरी" मी मुलांकडून पाठ करून घेते.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विचारत नाहीत. त्या पहारेकऱ्यांचं काय झालं? सकाळी हेरोदानं त्यांची चौकशी केली आणि त्यांना मारायचा हुकूम दिला. चारच अध्यायांनंतर फिलिप्पैच्या तुरुंगात भूकंप होतो, सगळे दरवाजे उघडतात, आणि येशूचा संदेश सांगत फिरणारे पौल व सीला आणि इतर कैदी जागचे हलत नाहीत. तुरुंगाधिकारी तलवार उपसून स्वतःचा जीव घेणार, तोच पौल ओरडतो, "स्वतःला इजा करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत!" दार उघडं असून थांबलेल्या माणसांमुळे एक जीव वाचला. मला हा चमत्कार लोखंडी दरवाजाहून मोठा वाटतो.

आणि पेत्र? तो मार्काची आई मरीया हिच्या घरी जाऊन दार ठोठावतो. आत त्याच्यासाठीच प्रार्थना चालली आहे. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. प्रार्थना करणारे तिला म्हणतात, तुला वेड लागलंय. अखेर दार उघडतं. पेत्र हातानं सगळ्यांना गप्प करतो, घडलेलं सांगतो आणि निघताना म्हणतो, "हे याकोबाला आणि बंधूंना कळवा."

इथे दर वर्षी कोणीतरी मूल दचकतं. "टीचर, याकोब तर मेला ना?" हा दुसरा, प्रभू येशूचा भाऊ याकोब, असं मी सांगते. पण त्या रात्री, त्या घरात, ते नाव कानावर पडल्यावर कोणाकोणाला आधी पहिलाच आठवला असेल.