गाडीत राहिलेल्या सहा बाटल्या

गेल्या आठवड्यातली गोष्ट. रोज रात्री पाठ टेकली की डोक्यात येते, म्हणून लिहून काढतोय.

मी ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटावर, पिर्गोस गावाजवळच्या एका घरगुती वायनरीत टेस्टिंगची, म्हणजे पाहुण्यांना वाईन चाखायला देण्याची टेबलं सांभाळतो. हा माझा इथला तिसरा उन्हाळा. मालक स्वतः टाक्या बघतात, पुतण्या विक्री आणि हिशेब बघतो आणि मालकांची आई, जिला सगळेच याया म्हणजे आजी म्हणतात, ऑगस्टात द्राक्षांच्या वाळवणावर बसते. बाहेरचा मी एकटा. माझं गाव तासगावजवळ. घरी बाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. तरी इथली वेल पहिल्यांदा बघितली तेव्हा ही वेल आहे हेच कळलं नव्हतं. आमच्याकडं मांडव असतो, डॉगरीज या दुसऱ्या जातीच्या वेलीच्या मुळावर भरलेलं कलम असतं, ठिबक असतं. इथं वेल टोपलीसारखी गोल वळवत जमिनीवरच बसवलेली आणि घड त्या टोपलीच्या पोटात, वाऱ्या-उन्हापासून लपलेले. कलम नाहीच, वेल स्वतःच्या मुळावर. ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीत चिकणमाती जवळपास नसते, त्यामुळं युरोपभरच्या बागा खाल्लेली फायलोक्सेराची कीड इथं टिकली नाही. उन्हाळाभर पाऊस नाही. रात्री समुद्रावरून येणारा ओलावा, त्यावरच वेल तगते. आणि एवढ्या उन्हातही असिर्तिको या द्राक्षाची आंबटाई कमी होत नाही. भर उन्हाळ्यात ती वाईन प्यावीशी वाटते, ती त्यामुळंच.

त्या दिवशी वारा पडला होता. ऑगस्टात इथं मेल्तेमी वाहतो, तो थांबला की बेट तव्यासारखं तापतं. अशा दिवशी माझं निम्मं काम तापमानाचं. पुतण्या फ्रीज ४ अंशांवर ठेवतो, कारण लोकांना गार लागतं. ४ अंशांवर असिर्तिको दिली की जिभेला गारवा आणि आंबट, एवढंच कळतं. लिंबाची साल, ओल्या दगडासारखा वास, शेवटी राहणारी खारट चव, हे सगळं १० ते १२ अंशांना उलगडतं. म्हणून मी बाटल्या आधीच बाहेर काढतो, नंतर बादलीत ठेवतो. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते आणि ती गार व्हायला बराच जास्त वेळ लागतो. ग्लासात दोन बोटंच ओतायची, पुन्हा पुन्हा ओतायची, कारण उन्हात ग्लास दहा मिनिटांत कोमट होतो. माव्रोत्रागानो ही इथली लाल वाईनसुद्धा मी थोडा वेळ बादलीत ठेवतो. लाल वाईन घरातल्या तापमानाला द्यावी, हा नियम थंड घरांच्या देशातला आहे. ३५ अंशांत तो पाळणाऱ्यांचा मला राग येतो.

बाराच्या सुमाराला बेल्जियमचं एक जोडपं आलं, सोबत बाईंची आई. चांगली माणसं. ग्लासात बर्फ मागितला नाही, वेलींबद्दल विचारलं. जाताना असिर्तिकोच्या सहा बाटल्या घेतल्या. खोका मीच उचलून गाडीपर्यंत नेला. डिकीत समुद्रावर अंथरायची चटई होती, छत्री होती, टॉवेल होते. ती चटई मी माझ्या हातानं बाजूला सरकवली आणि खोका ठेवला.

पाच वाजता ते परत आले. पेरिव्होलोसच्या काळ्या वाळूवर दुपार घालवली होती, गाडी उन्हात उभी. खोक्याचा तळ ओला झाला होता. मालकांनी एक बाटली उजेडात धरली. झाकणाची पन्नी फुगलेली, तिच्याखालून चिकट ओघळ आलेला, बूच दोनेक मिलिमीटर वर. वाईन तापली की पसरते, बुचाखालची मोकळी जागा भरते आणि मग बुचालाच ढकलते. त्या गृहस्थांना वाटलं, बुचंच खराब. ते रागावलेसुद्धा नव्हते. उलट मलाच आत काहीतरी तुटल्यासारखं झालं.

मालकांनी तळघरातून त्याच लॉटची बाटली आणली. दोन्ही बाटल्या एकाच बादलीत वीस मिनिटं ठेवल्या, म्हणजे तुलना खरी होईल. मग कुठली कुठली ते न सांगता ओतल्या. मीही चाखल्या. एक ताठ, खारट, स्वच्छ. दुसरीचा वास बसलेला, भाजलेल्या सफरचंदासारखा, चव सैल. नवरा-बायकोनं लगेच पहिल्या ग्लासवर बोट ठेवलं. आई दोन्ही ग्लास फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, मला दुसरी आवडली. पहिली दातांना लागते, ही मऊ आहे.

मी त्यांना समजवायला लागलो. गच्चीवर नेलं, यायानं पसरलेले घड दाखवले. बारा-चौदा दिवस उन्हात वाळवलेल्या याच द्राक्षांपासून विनसांतो ही गोड वाईन होते आणि ती किमान २ वर्षं लाकडी पिंपात मुरते. आमच्याकडं बेदाणा शेडच्या सावलीत वाळतो, इथं थेट उन्हात. द्राक्षाला ऊन लागलं तर पाणी जातं आणि साखर घट्ट होते. बाटलीतल्या वाईनला ऊन लागलं तर तिचा वासच मरतो, मिळत काहीच नाही. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग रिकामा ग्लास पुढं केला आणि त्याच बाटलीतली आणखी मागितली.

बिघडलेली वाईन पाहुण्याला द्यायची नाही, हे मी या धंद्यात पहिल्या दिवशी शिकलो. माझा हात थांबला. मालकांनी मानेनं खूण केली, ओत. मी ओतली. त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

मालकांनी सहाच्या सहा बाटल्या बदलून दिल्या. तिसेक युरोची एकेक बाटली. पुतण्याचा चेहरा पडला, आणि हिशेबानं तो चुकीचा नव्हता. चूक माझी होती. चटई दिसत असूनही मी 'आता कुठं जाणार?' एवढं विचारलं नाही. खरं तर कुठल्याच टेस्टिंगच्या जागी कुणी हे विचारत नाही. आम्ही माती, वारा, राख यावर अर्धा तास बोलतो, आणि बाटली दारातून बाहेर पडली की तिचं काय होतं याकडं बघत नाही. आता मी प्रत्येकाला विचारतो. समुद्रावर जाणार असतील तर खोका तळघरात ठेवून घेतो, संध्याकाळी न्या म्हणतो.

पण डोक्यात फिरतात त्या आई. त्यांना मी चुकीचं ठरवलं का? की त्या दिवशी त्यांना खरंच हवी असलेली वाईन मिळाली? मालकांना विचारलं. ते म्हणाले, उद्या तोडा पहाटे चारला आहे, झोप.

उघडलेली सोडून पाच बाटल्या उरल्या होत्या. एक त्या बाईंनी मागून घेतली. पुतण्या म्हणतो, उरलेल्या चार संध्याकाळच्या गर्दीत ग्लासवर संपवू, कुणाला कळतंय. मी नाही म्हणालो, आणि त्या बाईंसाठी ओतताना मात्र ओतली होतीच. मालक अजून काही बोललेले नाहीत. बाटल्या तळघरात विनसांतोच्या पिंपांशेजारी उभ्या आहेत, खडूनं फुली मारून. काल एक उघडून बघावी म्हणून खाली गेलो. हाताला चिकटली. परत ठेवली.