रेड गमचे वाडगे तयार, आता आयर्नबार्क

जाडसर कातून वाळत ठेवलेले रिव्हर रेड गमचे (ही ऑस्ट्रेलियातली एक निलगिरी) वाडगे अखेर दुसऱ्यांदा लेथवर चढले. अधूनमधून वजन करून आकडा बुडाशी खडूने लिहीत होतो. वजन उतरायचं थांबलं, तेव्हा समजलं की लाकूड आता मेलबर्नच्या हवेशी जुळलं. एकालाही तडा नाही! ओंडका चिरतानाच झाडाचा मध्य काढून टाकला होता, भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड ठेवली होती आणि आडव्या कापावर मेण चोपडून वाडगे त्यांच्याच भुशासकट कागदी पिशव्यांत घातले होते. रेड गम ओला असताना पाण्यात बुडतो आणि वाळल्यावरही घनमीटरला ९०० किलोच्या आसपास भरतो. आपलं सागवान साधारण ६५०. एवढ्या घट्ट लाकडातून ओल घाईने काढली तर ते उलणारच.

खरी परीक्षा रेषांची होती. रेड गममध्ये एका थराच्या रेषा डावीकडे कलतात, पुढच्या थराच्या उजवीकडे, त्यामुळे पटाशी कुठूनही लावली तरी कुठेतरी तंतू उचकटतात. शेवटच्या हातांआधी गाउजला, म्हणजे पन्हळीसारख्या पात्याच्या पटाशीला, ताजी धार लावायची, पात्याची पाठ लाकडाला टेकवून तिरका, अगदी पातळ काप घ्यायचा. सँडपेपरने झाकायला गेलात तर उचकटलेली जागा तेल लावल्यावर हमखास दिसते. आणि पोलादी लोकर अजिबात नको: या लाकडात टॅनिन भरपूर, लोखंडाचा कण आणि थोडी ओल मिळाली की काळे डाग पडतात.

मधे मरे नदीवरच्या बार्माच्या जंगलात जाऊन आलो. लगतच्या मिलेवाच्या जंगलासह रिव्हर रेड गमचं हे जगातलं सर्वांत मोठं जंगल, योर्टा योर्टा या मूळनिवासी लोकांची भूमी. होडीसाठी साल काढल्याच्या लांबट खुणा मरेकाठच्या जुन्या खोडांवर आजही दिसतात, आणि झाड त्यानंतरही वाढत राहिलेलं असतं. पुराचं पाणी ओसरलेल्या चिखलात इथली रोपं रुजतात, मोठी झाडं महिनोन्महिने पाण्यात उभी राहतात. पूर वेळेवर आला नाही तर जंगलच सुकतं. हे पाहिल्यापासून या लाकडाचा छोटा तुकडाही फेकवत नाही.

माउंटन ॲशबद्दल थोडक्यात, हीसुद्धा एक निलगिरीच. जुन्या घराच्या तुळया मिळाल्या, त्यातून पेट्या करतोय. सरळ रेषा, फिकट रंग, रंध्याखाली आज्ञाधारक. सपुष्प वनस्पतींमधल्या सर्वांत उंच झाडांपैकी हे एक. टास्मानियातला ‘सेंच्युरियन’ १०० मीटरच्या घरात आहे. वाळताना याच्या पेशी आत दबतात आणि फळी सुरकुतते, म्हणून गिरणीत वाफ देऊन ती पुन्हा फुगवतात. व्हिक्टोरियात सरकारी नैसर्गिक जंगलांतली व्यापारी तोड २०२४च्या सुरुवातीला थांबली. मला ते योग्य वाटतं. मोडलेल्या घरांतलं लाकूड आपल्या कामाला पुरेसं आहे.

आता व्हिक्टोरियातल्याच बेंडिगोकडचा रेड आयर्नबार्क, आणखी एक निलगिरी. काळी, खोल चिरांची साल, तिच्यात वाळलेला लाल किनो. गम म्हणतात तो हाच, पण तो खरा डिंक नसून टॅनिनने भरलेला रस आहे. हिवाळ्यात या झाडांना फुलं येतात आणि टास्मानियातून आलेले स्विफ्ट पोपट मधासाठी त्यांच्यावर उतरतात. लाकूड वाळल्यावरही पाण्यात बुडतं! पहिल्या तुकड्यावर हायस्पीड स्टीलची धार फार पटकन गेली. वेग कमी करून पाहिला, थोडा फरक पडला. पुढचा तुकडा कार्बाइड पात्याने कातणार आहे, आणि त्यावर सावंतवाडीच्या पद्धतीने लाखेची कांडी फिरवून बघायची आहे. एवढ्या घट्ट लाकडावर लाख नीट धरते का? कुणी करून पाहिलं असेल तर वेग आणि लाखेचा प्रकार दोन्ही कळवा.