तुम्ही विचारलंत म्हणून: तंगडी किती तास मॅरिनेट करायची?

आखाड संपत आला की हा प्रश्न सुरू होतो. लिफ्टमध्ये, जिन्यात, चिकनवाल्याच्या रांगेत. "दादा, तुमच्या तंगड्या आतपर्यंत मसालेदार लागतात. किती तास मॅरिनेट करून ठेवता?" विचारणाऱ्याला आकडा हवा असतो. 'रात्रभर' म्हटलं की त्याचं समाधान होतं. तो घरी जाऊन इमानेइतबारे रात्रभर ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी वरून लालभडक, आतून अळणी आणि हाडापाशी वातड अशी तंगडी खातो. मग पुन्हा भेटतो. तेव्हा आता सविस्तरच सांगतो.

तासांचा फारसा संबंध नाही. मसाला मांसात खोल शिरतच नाही. हळद, तिखट, लसूण, गरम मसाला हे सगळं वरच्या काही मिलिमीटरांत थांबतं, मग एक रात्र ठेवा नाहीतर दोन. आतपर्यंत जातं ते मीठ. आणि मीठ आत गेलं की मांस स्वतःचं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे विस्तवावर रस कमी गळतो. तुम्हाला 'आतपर्यंत मसाला लागलाय' असं जे वाटतं, ते बहुतेक वेळा आतपर्यंत मीठ लागलेलं असतं.

म्हणून मीठ सगळ्यात आधी, आणि एकटं. किलोभर तंगड्यांना दोन सपाट छोटे चमचे, म्हणजे साधारण बारा ग्रॅम. त्याबरोबर फार तर आलं-लसणाची पेस्ट आणि थोडंसं लिंबू. हे चोळून अर्धा-पाऊण तास ठेवायचं आणि मगच दही आणि बाकीचा मसाला. सगळं एकदम कालवून टाकलं तर मीठ आधी दह्यात जातं आणि मांसापर्यंत उशिरा पोचतं.

त्याच्याही आधी चिरा. दुकानदाराला "चिरा मारून दे" म्हटलं तर तो सुरी नुसती वरून फिरवतो, गर्दीच्या वेळी तर विचारूच नका. घरी आणून स्वतः मारा. जाड भागावर तिरक्या तीन, सुरीचं टोक हाडाला लागल्याचं हाताला कळेपर्यंत. आत न शिरणाऱ्या मसाल्याला आत न्यायचा हाच सरळ मार्ग. आणखी एक गोष्ट बहुतेक जण करत नाहीत. तंगडीच्या बारीक टोकाला, घोट्याच्या जरा वर, सुरी हाडाभोवती गोल फिरवून तिथल्या पांढऱ्या शिरा कापून टाका. शिजताना मांस मोकळं होऊन वर सरकतं, खाली धरायला हाड उघडं पडतं आणि दातात अडकणाऱ्या त्या दोऱ्या बाजूला राहतात.

धुवायचं की नाही यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मी नळाखाली धरत नाही. पाण्याचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात आणि साल्मोनेलासारखे जंतू धुतल्याने जात नाहीत, नीट शिजवल्यानेच मरतात. बायको धुते. ती स्वयंपाकघरात असली की मी गप्प बसतो.

आता आंबटाचं. लिंबू जोरकस असतं. भरपूर लिंबू पिळून रात्रभर ठेवलं तर वरचा थर पांढुरका आणि पिठूळ होतो. लिंबू पहिल्या अर्ध्या तासात थोडंसं, नाहीतर सरळ शेवटी ताटात. दही सौम्य, त्यात रात्रभर चालतं. पण आपलं नेहमीचं दही पाणी सोडतं आणि मसाला तंगडीवरून ओघळून भांड्याच्या तळाशी बसतो. डेअरीतून चक्का आणा, श्रीखंडाला आणतो तोच. किलोला पाऊण वाटी पुरे. चमचाभर बेसन कोरडं भाजून त्यात घातलं की लेप चिकटून राहतो. कच्च्या पपईच्या नादी मात्र तंगडीसाठी लागू नका. तिच्यातलं मांस मऊ करणारं पपेन मटणाच्या जाड तुकड्यांना ठीक आहे. कोवळ्या ब्रॉयलरचा त्याने वरून लगदा होतो आणि आतल्या शिरा आहेत तशाच राहतात.

रंगाचं विचारता म्हणून: हॉटेलातला तो केशरी रंग बऱ्याचदा डबीतला असतो. कर्नाटक सरकारने २०२४ च्या जूनमध्ये चिकन कबाबात कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली, ती उगीच नाही. घरी काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीची पूड घ्या आणि ती कोमट तेलात कालवून मग चक्क्यात घाला. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. नुसती पूड दह्यात ढवळली की गुलाबीच राहते.

हे सगळं फ्रिजमध्ये. चार तासही चालतात, रात्रभर चालतं, चोवीस तासांपुढे जाऊ नका. ओट्यावर झाकून ठेवण्याचे दिवस आपल्या हवेत नसतातच.

पण खरी गोम पुढे आहे, आणि तिच्याबद्दल मला कुणी विचारत नाही. तंगडी लोक कमी शिजवतात. चिकन जास्त शिजलं की कोरडं होतं हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते छातीच्या मांसाला लागू आहे. तंगडी म्हणजे कोंबडीचा चालता पाय. त्यात पडदे, शिरा आणि त्यांना चिवट ठेवणारं कोलॅजन भरपूर. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसला गेलं की ती खायला सुरक्षित होते, पण तेव्हा ती दाताने ओढावी लागते. ८० ते ८५ च्या दरम्यान कोलॅजन विरघळून त्याचं मऊ जिलेटिन व्हायला लागतं आणि मांस हाडावरून सुटतं. त्याच तापमानाला ब्रेस्ट पीस चोथा होतो. मिक्स तुकडे एकाच ट्रेमध्ये लावणाऱ्यांचं काहीतरी एक बिघडतंच.

ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, २०० अंशांवर, ट्रेवर जाळी ठेवून, पस्तीस-चाळीस मिनिटं. मध्ये एकदा उलटायची आणि तेव्हा बटर किंवा तेल लावायचं. हे तेल महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे चिकनवाला न विचारता कातडी सोलून देतो आणि रस आत ठेवणारं पांघरूण तिथेच जातं. कातडीसकट मागितलं तर तो दोनदा विचारून खात्री करून घेतो. मला तशी आवडते, पण घरात कुणी खात नाही, म्हणून तेलाचा ब्रश. एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर पंचवीसेक मिनिटांत होते, फक्त तंगड्या एकीला एक चिकटवून लावू नका.

यातलं काहीच नसलं तरी बिडाचा जाड तवा पुरतो. थोडं तेल, आच मध्यमपेक्षा कमी, वर खोलगट झाकण. पहिल्या दहा मिनिटांत इतकं पाणी सुटतं की बघणारा घाबरतो. सुटू द्या. त्याच वाफेत ती आतून शिजते. वीस-पंचवीस मिनिटं अधूनमधून फिरवत राहा, मग झाकण काढून पाणी आटवा आणि आच वाढवून चारी बाजूंनी खरपूस करा. सुरुवातीलाच मोठ्या आचेवर टाकली तर दही आणि लसूण करपतो आणि आत कच्चं राहतं. कांदा-लसूण मसाला लावून करणाऱ्यांनी तर अजून जपायचं, त्यातला कांदा सगळ्यात आधी काळा होतो. धुरकट वास हवा असेल तर शेवटी वाटीत निखारा ठेवून त्यावर तुपाचे दोन थेंब आणि पाच मिनिटं झाकण.

झाली हे कसं ओळखायचं? स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर जाड भागात, हाडाला न टेकवता टोचा. नसेल तर खालचं टोक बघा. मांस वर सरकून हाड बोटाच्या पेराएवढं उघडं पडलेलं असतं आणि जाड भागात सुरी टोचली की येणारं पाणी स्वच्छ असतं. हाडाजवळ लालसर दिसलं म्हणून "कच्चं आहे, कच्चं आहे" असा गलका करू नका. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांची असते. तिची हाडं कोवळी, सच्छिद्र, त्यांतून आतल्या मज्जेचा रंग बाहेर झिरपतो. फ्रोझन चिकनमध्ये जास्तच. ताप नीट बसला असेल तर तो रंग बिनधोक आहे.

दह्याचा कंटाळा आलेल्यांसाठी गोव्याचं काफ्रियाल. पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून ते गोव्यात आलं असं मानतात, आणि बहुधा पायाचेच तुकडे त्यासाठी घेतात. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण, मिरी, दालचिनी, लवंग, व्हिनेगर किंवा लिंबू. दही नाही, लाल तिखट नाही. कोरडं भाजण्यापेक्षा त्याच हिरव्या वाटणात पॅनमध्ये परतत शिजवतात, म्हणून कोथिंबीर करपत नाही. मीठ आधी आणि चिरा हाडापर्यंत, हे तिथेही तसंच. माझं मत विचाराल तर तंगडीला लाल मसाल्यापेक्षा हेच जास्त शोभतं, पण सोसायटीच्या आखाड पार्टीत हिरवी तंगडी नेली की अर्धे लोक ती पालकाची आहे का विचारतात.

राहिला भांड्यात उरलेला मसाला. तो कच्च्या मांसाला लागलेला असतो, भाजलेल्या तंगडीवर चमच्याने घालायचा नाही. कढईत तेलावर एक कांदा परतून त्यात तो ओता, अर्धी वाटी पाणी घाला, खदखदा उकळून तेल सुटेपर्यंत ठेवा. मीठ आधीच आहे, चाखल्याशिवाय वरून टाकू नका. भाकरीबरोबर चांगला लागतो.