कमोडभोवतीची शहाबादी: उन्हाळ्यातली नोंदवही

२३ मार्च

आधी परिस्थिती मांडतो, म्हणजे शेवटी फुशारकी मारायला जागा उरणार नाही.

लातूरचं घर. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आबांनी दगडी भिंती उतरवून विटांत बांधलं, पण जमिनीवरची शहाबादी काही सोडली नाही. बाथरूममध्येही तीच आहे, काळपट निळसर, पायांनी घोटून गुळगुळीत झालेली. २०१९ मध्ये आबांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा जुनं भांडं काढून कमोड बसवला आणि बुडाशी पांढऱ्या सिमेंटचा गोल फिरवला. तिथून पुढं ही कहाणी.

आजची अवस्था अशी: कमोडच्या पुढं अर्धचंद्राच्या आकारात दगड पांढुरका आणि खरबरीत झालाय. दरजा रिकाम्या. पांढऱ्या सिमेंटचा गोल पिवळा पडून दोन ठिकाणी तडकलेला. दुपारी पत्रे तापले की डोळ्यांत जाणारा वास. शेजारी व्हिनाइलची शीट अंथरलेली होती (माझीच कल्पना, दोन वर्षांपूर्वीची). ती उचलली तर खाली सगळं ओलं, काळं, बुळबुळीत. शीटनं फरशी झाकली, पण खाली गेलेलं वाळू दिलं नाही. गुंडाळून टाकली.

घरात आरोपी ठरलेला आहे, सात वर्षांचे चिरंजीव. दुसरा संशयित कोण हे कुणी मोठ्यानं बोलत नाही, कारण ते ७९ वर्षांचे आहेत. शिंतोडे उडाले की ते एकमेकांवर उडवायची आमच्याकडं जुनी पद्धत आहे.

३० मार्च

नेमकं कुठं मुरलंय ते शोधायचं होतं. ताजी लघवी बहुतेक वेळा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ६. पण ती फरशीत मुरली की जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि पीएच ९ च्या आसपास चढतो. म्हणजे शिळी लघवी अल्कधर्मी. आणि अल्क ओळखायला घरात हळद आहेच की! स्पिरिटमध्ये हळद कालवली, पांढऱ्या सुती कापडाच्या पट्ट्या बुडवून वाळवल्या, ओल्या करून दरजांवर दाबल्या.

पहिली पट्टी लालभडक. वा! दुसरी लाल. तिसरीही. मग शहाणपण म्हणून वॉश बेसिनखाली लावली, जिथं आजवर कुणी तसलं काही केलेलं नाही. तीही लाल.

दारातून बघत असलेले आबा म्हणाले, "अरे, कुंकू कसं करतेत? हळदीत चुनाच कालवतेत की." बरोबर. मागच्या दिवाळीत मीच दरजांत सिमेंट भरलं होतं, आणि सिमेंट म्हणजे अल्कच. हळदीनं लघवी नाही, माझी जुनी डागडुजी शोधून दिली. पट्ट्या अजून नोंदवहीत चिकटवून ठेवल्यात, दिसायला मात्र सुरेख आहेत.

२ एप्रिल

गंजगोलाईच्या बाजारातून अतिनील टॉर्च आणला, ३९५ नॅनोमीटरचा, नोटा तपासायचा असतो तो. रात्री दिवा घालवून फिरवला. लघवीचे वाळलेले डाग त्याखाली फिकट पिवळट दिसतात, ते पुढच्या अर्धचंद्रात दिसलेही. पण त्याहून कितीतरी जास्त, लख्ख निळं-पांढरं काहीतरी चमकत होतं. कमोडभोवती पंख्यासारखं पसरलेलं, मागच्या भिंतीवर वीतभर उंच, बाजूच्या बादलीच्या कडेवर. लग्नाच्या मांडवात रोषणाई केल्यागत.

ही म्हणाली, "अहो, हे तर धुण्याच्या पावडरीचं आहे. पांढरे कपडे असेच चमकतात की." खरंय. पावडरीत कपडे उजळ दिसावेत म्हणून जे रसायन घालतात ते याच टॉर्चखाली चमकतं. हात हलवून टॉर्च बंद केला. दुसराही प्रयोग फसला म्हणून झोपलो.

३ एप्रिल

झोप लागली नाही. बाथरूममध्ये आम्ही कपडे धूतच नाही, मशीन मागं अंगणात आहे. मग पावडर कमोडभोवती पंख्यासारखी आली कुठून?

बादलीतून.

लातूरकरांना सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस ज्यांनी काढले त्यांच्या हातून फ्लशचं बटण आजही सहज दाबलं जात नाही. तेव्हापासून मशीनचं सांडपाणी बादलीत धरायचं आणि संडासात ओतायचं, ही घरातली रीत. मीही तेच करतो. कमरेइतक्या उंचीवरून, भसकन.

४ एप्रिल

खात्री केली. कमोडभोवती जुने पेपर अंथरले, भिंतीला चिकटवले, बादलीभर पाण्यात नीळ कालवली. भांड्यात त्याहून गडद नीळ, म्हणजे उडणारं पाणी वरचं की आतलं हे निदान रंगाच्या गडदपणावरून कळेल.

आधी उभ्यानं लघवीची नक्कल: बाटलीच्या झाकणाला तापलेल्या खिळ्यानं भोक पाडून, साधारण ७० सेंमी उंचीवरून धार. मधल्या साचलेल्या पाण्यात मारली तर पेपरवर बारीक ठिपके भरपूर, बहुतेक कडेपासून हातभर अंतरात. पुढच्या उताराला तिरपी घासून मारली तर जेमतेम ओळखू येण्याइतके. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये वेगवान कॅमेऱ्यानं हेच टिपलं होतं. धार बाहेर पडल्यावर १५-१८ सेंमीवरच तुटायला लागते. म्हणजे उभ्या माणसाची धार कमोडपर्यंत पोचते तेव्हा ती धार नसतेच, थेंबांची माळ असते, आणि प्रत्येक मणी वेगळा आपटतो. जवळून आणि तिरपं, हे त्यांचंही उत्तर होतं. बसून केलं तर प्रश्नच मिटतो, हे सांगायला कॅमेरा लागत नाही.

मग बादली. एकदाच ओतली, रोजच्यासारखी. पेपर मोजण्यात अर्थच नव्हता. मागच्या भिंतीवर निळी नक्षी, माझ्या पायजम्यावर निळी नक्षी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे भांड्यातल्या गडद पाण्याचे मोठाले टपोरे थेंब बुडाच्या तडकलेल्या सिमेंटवरच. लघवी भांड्यात नीट पडलेली असते हो. आपणच ती बादलीनं परत बाहेर काढतो.

चिरंजीवांची जाहीर माफी मागितली. त्यांनी आइस्क्रीमवर मिटवलं.

बादलीचा नवा नियम: बादली कडेला टेकवायची, पाणी पुढच्या उतारावरून सोडायचं, सुरुवात सावकाश आणि शेवटची झुकांडी जोरात, कारण जोर नसेल तर मैला पुढं सरकत नाही. चार-पाच वेळा केलं की हात बसतो. त्याच पद्धतीनं पुन्हा निळा प्रयोग केला, कडेवर मोजून नऊ थेंब.

९ एप्रिल

आता तो पांढुरका अर्धचंद्र. हा लघवीनं झालाय असं मी धरून चाललो होतो. शहाबादीचा एक उरलेला तुकडा माळ्यावर होता. त्यावर संडास साफ करायचं ॲसिड दोन थेंब टाकलं. फस्स! पांढरा फेस, आणि धुतल्यावर गुळगुळीत दगडावर दोन खडबडीत टिकल्या, बोटाला लागणाऱ्या.

यात आश्चर्य नाही, लाज आहे. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून नाव पडलेला. कॅल्शियम कार्बोनेटवर हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघणारच, दहावीच्या पुस्तकातली गोष्ट. आणि आम्ही वास मारतोय म्हणून दर रविवारी तिथंच ॲसिड ओतून खराट्यानं घासत होतो. दगड खडबडीत झाला, दरजांतलं सिमेंट विरघळलं, शिंतोडे जास्त मुरायला लागले, वास वाढला, म्हणून आणखी ॲसिड. पाच-सहा वर्षं.

भांड्याला चालतं, चिनीमातीचं असतं ते, आणि बोअरच्या जड पाण्याचा पिवळा-पांढरा थर आम्लाशिवाय निघतही नाही. तिथं मी आता लिंबूसत्त्व वापरतो, रात्री टाकून सकाळी घासायचं, कडेबाहेर थेंब सांडू न देता. फरशीला फक्त साधा साबण. आणि ज्यांच्याकडं टाइल्स आहेत त्यांनी हसू नये, तुमच्या दरजांत सिमेंटच असेल तर तेही ॲसिडला तसंच गोड लागतं. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र तर कधीच नाही, क्लोरीन वायू होतो, बंद बाथरूममध्ये जीव घेईल.

१८ ते ३० एप्रिल

काम. या दिवसांत घरानं अंगणातला जुना संडास वापरला. आबांसाठी तिथं प्लास्टिकची कमोड खुर्ची ठेवली.

छन्नी आणि हलकी हातोडी घेऊन पांढऱ्या सिमेंटचा गोल काढला. अर्धा तर बोटानंच निघाला. खाली काय होतं ते जेवताना वाचणाऱ्यांसाठी लिहीत नाही. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं तीनदा घासलं, साध्या पाण्यानं भरपूर धुतलं, चार दिवस पंखा लावून वाळवलं. वाळलंय का हे बघायला फूटभर प्लास्टिक कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून २४ तास ठेवला. पहिल्यांदा आतून घाम आला, म्हणून आणखी दोन दिवस.

दरजा पाच-सहा मिमी खोल कोरून इपॉक्सी ग्राउट भरलं. ते पाणी पीत नाही, लघवीनं काही होत नाही. पण बाहेर ४१ अंश. डब्यावर लिहिलेली वेळ असल्या उन्हासाठी नसते. सगळं एकदम कालवलं आणि अर्ध्यात असतानाच डब्यात दगड झाला, हाताला गरम लागत होता. बाकीचं पहाटे साडेपाचला, मूठ-मूठ कालवून केलं. दुसरी चूक म्हणजे पहिल्या दोन दरजांच्या कडेला मास्किंग टेप लावली नव्हती. खडबडीत शहाबादीवर इपॉक्सीचे काळे ओघळ कायमचे बसले. ते आता माझ्या सहीसारखे तिथंच राहणार.

कमोडच्या बुडाभोवती भरायच्या सिलिकॉनच्या बाबतीत गंमत उलटी. दुकानदारानं दिलेली पहिली नळी उघडली तर व्हिनेगरचा वास. म्हणजे वाळताना ॲसिटिक आम्ल सोडणारी. चुनखडीवर पुन्हा आम्ल? परत केली आणि न्यूट्रल, बुरशीविरोधी घेतली. इपॉक्सी उन्हात धावतं, पण सिलिकॉन हवेतली ओल ओढून घट्ट होतं, आणि एप्रिलात आमच्याकडच्या हवेत ओल कुठली! दोन दिवसांनीही आत मऊच. मग जवळ पाण्याची घमेली आणि दोरीवर ओलं पोतं टांगून ठेवलं. आबा म्हणाले, "कूलर लावलाय व्हय रे फरशीला?"

कमोडच्या मागच्या बाजूला दोन बोटं जागा सिलिकॉनशिवाय सोडली आहे. सगळं बंद केलं तर खालचा जोड गळायला लागल्यावर पत्ता लागणार नाही, पाणी आत साचत राहील. यावर दुमत आहे, मला माहीत आहे. मी जागा सोडणाऱ्यांपैकी.

शेवटी दगडाला मुरणारं सीलर, दोन हात. सिलिकॉन आधी आणि सीलर नंतर, हा क्रम चुकवू नका, सीलर लावलेल्या दगडावर सिलिकॉन नीट धरेलच असं नाही. आधी पाण्याचा थेंब टाकला की मी दहा मोजेपर्यंत दगड काळा पडायचा. आता थेंब मोत्यासारखा बसून राहतो, कापडानं टिपला की खाली कोरडं.

८ मे

अर्धचंद्र जवळजवळ स्वच्छ, पण पहाटे पाच-सहा थेंब दिसतातच. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. रात्री आबांना बाथरूमपर्यंत सोडायला गेलो, तेव्हा तेच म्हणाले, "बाबा, दिवा लावला की झोप मोडतीय, म्हणून मी अंधारातच जातो. कुठं पडतंय ते दिसतच न्हाई बघ."

दुसऱ्या दिवशी कमोडच्या मागं, गुडघ्याच्या उंचीवर, अर्ध्या वॉटचा पिवळा दिवा लावला आणि भिंतीला स्टीलचा दांडा. आता ते दांडा धरून बसतातच. एवढ्या सगळ्या खटाटोपात सगळ्यात स्वस्त तो दिवा.

१५ मे

चिरंजीवांसाठी नेम. अ‍ॅमस्टरडॅमच्या शिफोल विमानतळावर १९९० च्या दशकात मुताऱ्यांमध्ये माशीचं चित्र काढलं होतं, पुरुष नेम धरतात म्हणून. मी टिकली चिकटवायला निघालो तर ही कडाडली, "संडासात टिकली? डोकं ठिकाणावर आहे का?" मग तिचंच जुनं नेलपेंट, पुढच्या उतारावर एक लाल ठिपका. अकरा दिवस झाले, टिकून आहे. चिरंजीव आता तो दाखवायला मित्रांना आणतात म्हणे.

कमोडभोवती घालायचं यू आकाराचं मऊ पायपुसणं पाहुण्यांनी भेट दिलंय. ते आम्ही देवघरासमोर टाकलंय, सरळ कापून. कमोडभोवती कापड म्हणजे शिंतोड्यांची मुदत ठेव, शिवाय आबांचा पाय अडकायचा.

२९ मे

वास नाही. दरजा कोरड्या. टॉर्चखाली भिंत काळीकुट्ट, मांडव उठला.

राहिलंय ते उताराचं. आज चिरंजीवांची गोटी घेऊन बेसिनजवळ सोडली. नहाणीच्या जाळीकडं जायला हवी होती. ती कडेनं वळली, इपॉक्सीच्या दरजेवर टकटक करत गेली आणि कमोडच्या बुडाला टेकून थांबली. २०१९ च्या कामात उतार उलटा झालाय, आणि तो दगड उचलल्याशिवाय सुधरणार नाही. तोवर दारामागं वायपर ठेवलाय.