जुन्या शिलाई मशीनला हँडल बसवावे की मोटर?

जुने पायमशीन विजेवर चालवायचे ठरले की बहुतेक जण आधी मोटर विकत आणतात आणि ती बसवायची कुठे याचा विचार नंतर करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. चाकाजवळच्या उभ्या खांबावर, मूळ ओतकामातच घडवलेला आणि आटे पाडलेल्या भोकाचा एक उंचवटा आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. सिंगर 15 या नमुन्यावर आणि त्याच घडणीने पुढे भारतात बनलेल्या काळ्या घरगुती मशीनवर तो सहसा असतो, आणि हँडल असो वा मोटर, दोन्ही तिथेच एका स्क्रूने आवळली जातात. फार जुन्या काही मशीनवर हा उंचवटा नसतो. तेथे ड्रिलने नवे भोक पाडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नये, कारण बीड ठिसूळ असते आणि एकदा तडा गेला की पिढ्यान्‌पिढ्या चाललेले यंत्र कायमचे हातचे जाते. अशा मशीनची मोटर लाकडी पाटावर वेगळी बसवता येते.

हँडलसाठी चाकही आऱ्यांचे लागते. हँडलचे बोट दोन आऱ्यांच्या मधे शिरून चाक फिरवते, त्यामुळे भरीव चाकावर त्याचा काहीच उपयोग होत नाही आणि ते चाक बदलावे लागते. आतल्या दातेरी चक्रांमुळे हँडलच्या एका फेऱ्यात साधारणपणे तीन टाके पडतात. हँडल आपल्यापासून दूर फिरते आणि मशीनचे चाक मात्र आपल्याकडे येते. उजवा हात त्यात गुंतत असल्यामुळे कापड एकट्या डाव्या हाताने सांभाळावे लागते, आणि पडद्यांसारख्या लांबलचक शिवणीत ते फार जड जाते. तरीही गोधडीच्या जाड कोपऱ्यावर एकेक टाका हवा तिथेच घालण्याची जी मुभा हँडल देते, ती मला मोटरीच्या वेगाहून मोलाची वाटते, आणि नव्याने शिकणाऱ्या मुलांना मी नेहमी हातमशीनच सुचवते.

गुडघे दुखत असतील किंवा रोजची शिलाई बरीच असेल, तर मात्र मोटरच योग्य. तिचा पट्टा फार ताणू नये. बोटाने दाबल्यावर तो किंचित खाली गेला पाहिजे, नाहीतर मोटरीवर विनाकारण भार पडतो आणि ती तापते. मशीन पूर्ण धातूचे असल्याने वायर कुठेही सोललेली नसावी, आणि मोटरीला अर्थिंगची तार असेल तर ती तोडून दोन पिनांचा प्लग लावू नये. मोटर जोडण्यापूर्वी मशीन हाताने सहज फिरते का, हेही पाहावे. अनेक घरांत त्यात खोबरेल तेल घातलेले असते आणि ते कालांतराने चिकट होऊन सांधे जखडते. अशा वेळी थोड्या रॉकेलने सांधे मोकळे करून, ते नीट पुसून मशीनचेच पातळ तेल घालावे आणि मगच पट्टा चढवावा.